भाजी धुण्याची घरगुती यंत्रे आणि मराठी क्रियापदे

भाषाशास्त्राच्या पत्रिकेत भाजी धुण्याच्या यंत्रांविषयी लेख यावा, याचे काही वाचकांस नवल वाटेल. परंतु शेतीच्या अवजारांची मराठी माहितीपत्रके ज्यांनी बारकाईने वाचली आहेत, त्यांना या विषयाचे आपल्या शास्त्राशी असलेले नाते लवकर ध्यानात येईल. त्या पत्रकांत गाजर, आले, मेथी, टोमॅटो या सर्वांवर बहुधा एकच क्रिया घडते, व ती म्हणजे ‘धुणे’. उलट कोणत्याही मराठी घरात तांदूळ रोळतात, भांडी विसळतात, कपडे खळबळून काढतात, पालेभाजी निथळत ठेवतात आणि गढूळ पाणी निवळू देतात. ही क्रियापदे एकमेकांची पर्यायी नव्हेत. प्रत्येकात पाण्याची गती निराळी, वस्तूची गती निराळी आणि मळ सुटण्याची रीतही निराळी. एक-दोन एकरांच्या शेतकऱ्याने घरच्या घरी तयार करावयाची यंत्रे या दृष्टीने पाहिली, तर असे आढळते की, प्रत्येक यंत्र हे यांपैकी एखाद्याच क्रियापदाचे लाकूड-लोखंडातील रूप आहे. यंत्र कोणते करावे हे ठरविण्यापूर्वी क्रियापद कोणते हे ठरले पाहिजे, एवढेच प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

पाणिनीय धातुपाठात ‘धाव्’ या धातूला गती आणि शुद्धी असे दोन अर्थ दिलेले आहेत. व्युत्पत्तीच्या खोलात न शिरताही एवढे म्हणता येते की, शुद्धी ही गतीवाचून होत नाही, ही जाणीव त्या जोडीत दिसते. स्थिर पाण्यात ठेवलेले गाजर भिजते, धुतले जात नाही.

प्रथम न धुण्याविषयी सांगितले पाहिजे, कारण घरगुती यंत्र एकदा तयार झाले की त्यात सर्व काही घालण्याचा मोह होतो. साठवावयाचा कांदा, लसूण व बटाटा धुवू नयेत. कांद्याच्या मानेत व सालपटांच्या थरांत राहिलेले पाणी बुरशीला आमंत्रण देते. त्यांच्या बाबतीत वाळविणे, झटकणे व पुसणे हीच खरी क्रियापदे होत. भेंडीचेही तेच. टोमॅटो धुवावयाचा असल्यास एक पथ्य पाळावे लागते. उन्हात तापलेला टोमॅटो गार पाण्यात बुडविला की त्याच्या आतील हवा आकसते आणि देठाच्या खुणेतून बाहेरचे पाणी, त्यातील जंतूंसह, आत ओढले जाते. हे पाणी मग कोणत्याही धुण्याने निघत नाही. यासाठी फळे आधी सावलीत थंड होऊ द्यावीत, अथवा पाणी फळाच्या गरापेक्षा सुमारे ५ अंश सेल्सियसने उबदार ठेवावे.

आता ज्या भाज्या धुवावयाच्याच, त्यांपैकी कंदमुळांकडे वळू. गाजर, मुळा, बीट यांना चिकटलेली माती ही सर्वत्र एकसारखी नसते. नदीकाठच्या गाळाच्या किंवा रेताड जमिनीतील गाजर दोन हिसक्यांत स्वच्छ होते. दख्खनच्या काळ्या जमिनीतील चिकणमाती मात्र ओली असता फुगते, चिकटते, आणि वाळली की सालीवर कवच धरते. म्हणून काढणीनंतर माल उन्हात टाकू नये. ओल्या गोणपाटाखाली ठेवावा व त्याच दिवशी धुवावा. या मातीला पहिली क्रिया लागते ती भिजविण्याची. तीसाठी साधा हौद पुरे. त्यात माल माती सैल होईपर्यंतच ठेवावा, कारण त्यापुढे भाजी स्वच्छ पाण्यात नव्हे तर स्वतःच्याच चिखलात मुरत असते.

यानंतरची क्रिया घरातील ‘रोळणे’ या शब्दाने उत्तम सांगितली जाते. रोळी ही धान्य धुण्याची टोपली. तांदूळ तीत घालून पाण्यात फिरविले की दाणे एकमेकांवर लोळतात, घासले जातात आणि माती व बारीक खडा वेगळा होतो. म्हणजे रोळण्यात दोन गोष्टी एकत्र येतात : वस्तूचे वस्तूवर घासणे आणि सुटलेला मळ फटीतून निघून जाणे. गाजर धुण्याचे फिरते पिंप हे नेमके हेच करते. त्यात ब्रश नसतो. गाजरेच गाजरांचे ब्रश होतात. यामुळेच पिंपात मूठभर माल घालून ते फिरविणे व्यर्थ असते. माल फार थोडा असेल तर घासावयास शेजारी नाही, आणि पिंप गच्च भरले तर लोळावयास जागा नाही. सुमारे एक तृतीयांश भरणे हे बरे प्रमाण.

अशा पिंपाची घडण अवघड नाही. सामान्यतः मिळणारे निळे प्लास्टिकचे २०० लिटरचे पिंप घ्यावे. पूर्वी त्यात काय होते याची खात्री झाल्याशिवाय मात्र घेऊ नये. रसायनाचे पिंप कितीही धुतले तरी या कामास अपात्रच. सरबत, लोणचे किंवा तत्सम खाद्यपदार्थांचे असेल तरच ते वापरावे. त्याची दोन्ही तोंडे कापून बाजूस छिद्रे पाडावीत. छिद्राच्या कडा आतून घासून गुळगुळीत कराव्यात, नाहीतर तेथेच साल सोलली जाते. लाकडाची सोय असेल तर दोन लोखंडी कड्यांवर पट्ट्या ठोकून पिंजरा करावा. दोन पट्ट्यांतील फट गाजराच्या शेंड्याहून अरुंद असावी, अन्यथा शेंडे अडकून मोडतात. हे नळकांडे चार चाकांवर आडवे ठेवले म्हणजे मधून आस घालण्याची गरज राहत नाही व आतील जागा मोकळी राहते. आतून वरच्या बाजूने छिद्रांची एक नळी न्यावी. ती पिंपाबरोबर फिरता कामा नये, म्हणून तिचे टेकू दोन्ही टोकांना पिंपाबाहेर असावेत. मालाच्या बाहेर पडण्याचे टोक किंचित खाली ठेवावे. हा उतार वाढविला की माल लवकर बाहेर येतो व कमी धुतला जातो, कमी केला की उलट. म्हणून बाहेरच्या बाजूच्या चाकांखाली बदलता येतील अशा फळ्या ठेवणे सोयीचे. एका शेतातील मातीला जो उतार योग्य, तो शेजारच्या शेतातील मातीला योग्य असेलच असे नाही.

पिंपाची गती हा या यंत्रातील कळीचा भाग आहे, आणि बहुतेक घरगुती यंत्रे बिघडतात ती येथेच. पिंप फार वेगाने फिरविले तर माल लोळत नाही. तो भिंतीला चिकटून पिंपाबरोबरच प्रदक्षिणा घालतो. हे ज्या वेगाला घडते तो क्रांतिक वेग काढण्याची रीत सोपी आहे : पिंपाचा व्यास मीटरमध्ये घेऊन त्याच्या वर्गमुळाने ४२.३ या संख्येस भागावे, म्हणजे मिनिटाचे फेरे मिळतात. २०० लिटरच्या पिंपाचा व्यास सुमारे ०.५८ मीटर असतो. त्यावरून उत्तर सुमारे ५५ फेरे येते. काम करावयाचे ते याच्या बरेच खाली, मिनिटास १५ ते २५ फेऱ्यांवर. विजेची मोटार सामान्यतः मिनिटास १४४० फेरे करते. म्हणजे वेग सुमारे ७२ पटींनी उतरविला पाहिजे. पट्टा थेट पिंपाभोवतीच गुंडाळून मागे ६ सेंटिमीटरची पुली ठेवली, तर पिंप हेच मोठी पुली होऊन सुमारे १० पटींची उतरण एका टप्प्यात मिळते. उरलेली सात-सव्वासात पटींची आणखी एका जोडीने साधावी. वीज नसेल तेथे सायकलचे सामान उपयोगी पडते. परंतु येथे एक बारकी गोष्ट आहे. सायकल ही पायाचा वेग वाढविण्यासाठी बनविलेली असते आणि आपणांस तो कमी करावयाचा आहे. म्हणून ४८ दात्यांचे मोठे चक्र पिंपाच्या बाजूस व १६ दात्यांचे लहान चक्र पायटाच्या बाजूस लावावे. पायांनी मिनिटास ६० फेरे मारले की पिंपाचे २० होतात.

आले हे मात्र रोळण्याने साधत नाही. त्याच्या बोटांच्या बेचक्यांत माती दडलेली असते, तेथे शेजारचे आले पोहोचू शकत नाही. पिंप जास्त वेळ फिरविले तर बोटे मोडतात, साल जाते, आणि बेचक्यातील माती असते तेथेच राहते. तेथे लागते ती पाण्याची धार. जाळीच्या मेजावर आले पसरून वरून जोराच्या फवाऱ्याने झोडपावे, मधूनमधून उलटावे, ही त्याची रीत. द्राक्षबागांत व अन्यत्र औषध फवारणीसाठी जे दाबाचे पंप असतात, त्यांनीच आले धुण्याचा मोह पडणे स्वाभाविक आहे. पंप तोच, नळी तीच, नोझलही तेच. हे सर्वथा टाळावे. नळीच्या अस्तरात व पंपाच्या बैठकांत मुरलेले कीटकनाशक धुण्याच्या पाण्यातून थेट खाण्याच्या वस्तूवर येते. घरगुती यंत्राची काटकसर जेथे ग्राहकाच्या पोटावर येते, तेथे ती काटकसर नव्हे. धुण्यासाठी नळी व पंप स्वतंत्रच असावा.

पालेभाज्यांना ना लोळण चालते ना झोडपणे. त्यांना चालते ते ‘खळबळणे’. या क्रियापदात वस्तूवर थेट बळ येत नाही. बळ पाण्याला दिले जाते आणि पाणी ते वस्तूला मऊपणे पोहोचविते. याचे यंत्ररूप म्हणजे बुडबुड्यांचा हौद. सुमारे गुडघ्याएवढ्या खोलीच्या टाकीच्या तळाशी २-३ मिलिमीटरची छिद्रे पाडलेली पीव्हीसीची नळी नागमोडी बसवितात आणि तीत लहान पंख्याने हवा सोडतात. हवेचे बुडबुडे वर येताना सारे पाणी उकळल्यासारखे हालते, पाने सुटी होतात, माती खाली बसते. नळीच्या वर एक जाळी हवीच. ती नसेल तर पालक उपसताना तळाचा गाळही हाताबरोबर ढवळून वर येतो व सर्व खळबळ फुकट जाते. हवेची नळी टाकीत उतरण्यापूर्वी पाण्याच्या पातळीहून वर वळसा घालून आणावी. तसे न केल्यास पंखा बंद होताच पाणी नळीतून मागे चढून विजेच्या यंत्रात शिरते. ओल्या हातांनी, ओल्या जमिनीवर चालणारे हे काम आहे. तेव्हा गळतीचा प्रवाह ओळखून वीज तोडणारी कळ बसविल्यावाचून हा हौद सुरू करू नये. मेथी-कोथिंबिरीची जुडी मुळांसकट विकावयाची असेल तर हौदाची गरज नाही. जुडी उलटी धरून फक्त मुळे पाण्यात हिंदकळावीत, पाने भिजूच देऊ नयेत.

पहिल्या पाण्यानंतर येते ‘विसळणे’. देशावरच्या बोलीत हा शब्द ‘इसळणे’ असा ऐकू येतो. ‘विळा’चे ‘इळा’ व ‘विस्तव’चे ‘इस्तू’ ज्या नियमाने होते त्याच नियमाने. विसळण्याच्या अर्थात एक पूर्वगृहीत आहे, ते म्हणजे मुख्य मळ आधीच गेलेला असणे. खरकटे भांडे कोणी नुसते विसळत नाही. हे अर्थशास्त्र, म्हणजे शब्दार्थाचे शास्त्र, रसायनाच्या बाबतीत फार महत्त्वाचे ठरते. जंतुनाशासाठी धुण्याच्या पाण्यात विरंजक चूर्ण, अर्थात ब्लीचिंग पावडर, घालण्याचा प्रघात आहे. परंतु त्यातील क्लोरीन माती व पाचोळा यांवरच खर्च होऊन जातो. चिखलाच्या पहिल्या हौदात घातलेले चूर्ण हे पाण्यात टाकलेले पैसे होत. ते विसळण्याच्या पाण्यातच घालावयाचे. प्रमाण असे : १०० लिटर पाण्यात दशलक्षांश १०० इतका क्लोरीन हवा असेल तर १० ग्रॅम क्लोरीन लागतो. ताज्या चूर्णात उपलब्ध क्लोरीन ३० टक्के धरला तर चूर्ण सुमारे ३३ ग्रॅम लागते. उघड्या पिशवीतील जुन्या चूर्णाचा भरवसा नाही. त्यासाठी बाजारात मिळणारी चाचणीपट्टी पाण्यात बुडवून पाहावी. एक-दोन मिनिटे भाजी या पाण्यात राहिली की पुरे, आणि शेवटी पिण्याच्या पाण्याने पुन्हा विसळावी. चूर्ण थेट हौदात टाकू नये. बादलीत कालवून ठेवावे, चुना खाली बसला की वरचे पाणी तेवढे ओतून घ्यावे.

या वरच्या पाण्याला मराठीत नाव आहे : निवळी. ‘चुन्याची निवळी’ हा प्रयोग अजून घरोघर समजतो. त्याच शब्दाने एका झाडाचेही नाव घेतले जाते. त्याचे बी माठाच्या आतल्या बाजूस उगाळले असता गढूळ पाण्यातील माती लवकर तळाशी बसते. हौदाचे पाणी पुन्हा वापरावयाचे तर ते असेच, निवळीच्या बियांनी नाहीतर तुरटीने, निवळून घेता येते. पण येथे भाषेने सावध केले पाहिजे. ‘निवळणे’ हे डोळ्यांना दिसणाऱ्या स्वच्छतेचे क्रियापद आहे. निवळलेल्या पाण्यात माती नसते एवढेच. जंतू असू शकतात. म्हणून निवळलेले पाणी पहिल्या हौदात परत घ्यावे, विसळण्याच्या हौदात नव्हे. ताजे पाणी शेवटच्या हौदात यावे, तेथून ते मागच्या हौदात उतरावे, आणि सर्वांत मळकट पाणी जेथे सर्वांत मळकट भाजी पडते तेथे जावे. भांडी घासताना शेवटच्या बादलीचे पाणी दुसऱ्या खेपेच्या पहिल्या बादलीसाठी राखणारी गृहिणी हेच करीत असते. तीन हौद पायऱ्यांसारखे उंचीने उतरते बांधले तर त्यासाठी पंपही लागत नाही.

शेवटची क्रिया निथळण्याची, आणि तिच्याकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते. ओली मेथी पिशवीत बांधली की ती बाजारापर्यंत पोहोचण्याआधी सडू लागते, आणि दोष मात्र धुण्याला दिला जातो. निथळण्यासाठी जाळीचे मेज कमरेच्या उंचीचे, म्हणजे सुमारे ८५ ते ९० सेंटिमीटरचे, असावे. धुण्याचे हे काम बहुतेक ठिकाणी स्त्रियाच करतात व उकिडवे बसून करतात. घरगुती यंत्रांचा पहिला लाभ वेळेपेक्षा त्यांच्या पाठीला झाला पाहिजे. पालेभाजी लवकर कोरडी करण्यासाठी कपडे धुण्याच्या जुन्या यंत्रातील पिळण्याचे भांडे वापरण्याची युक्ती अमेरिकेतील लहान शेतांवर बरीच रुळलेली आहे. आपल्याकडील दुहेरी यंत्रातील ते भांडे अरुंद असते व मिनिटास हजाराहून अधिक फेरे घेते. त्या वेगाला पानावर त्याच्या वजनाच्या शेकडो पटींचा दाब येतो, आणि कोवळा पालक पिळूनच निघतो. रुंद टोपली मंद गतीने, हाताच्या दांड्याने फिरविणे बरे. थोडा माल असेल तर धुतलेल्या फडक्यात सैल बांधून गरगर फिरविणे पुरते. त्यात यंत्र म्हणून लागतो तो खांदा.

आता नावांविषयी. या साधनांच्या सामानाची भाषा पाहिली तर तिच्यात थरांमागून थर आढळतात. पिंप, बादली व घमेले हे तिन्ही शब्द पोर्तुगीजांकडून आलेले आहेत, आणि आज त्यांना कोणी परके म्हणणार नाही. इंग्रजी थर नवा आहे व तो कानावरून घडला आहे. क्रेटचे ‘कॅरेट’ झाले आणि ते सोनाराच्या कॅरेटशी उच्चाराने एकरूप झाले. व्हॉल्व्हचा ‘वॉल’ झाला. विहिरीत सोडलेल्या नळीच्या तळाशी जो फुट-व्हॉल्व्ह असतो त्याला तर शेतकरी सहज ‘फुटबॉल’ म्हणतात. या शब्दांना हसणारे विद्वान आहेत. वास्तविक अपरिचित ध्वनिसमूहाला परिचित शब्दाचे रूप देण्याची ही प्रक्रिया सर्व भाषांत चालते, आणि या शब्दांनी व्यवहारात घोटाळा होत नाही. घोटाळा होतो तो वरून आलेल्या नावांनी. ‘वॉशर’ म्हटले की मराठी माणसापुढे नळाची चकती उभी राहते. ‘धुलाई यंत्र’ म्हटले की कपडे आठवतात. ‘प्रक्षालन यंत्र’ म्हटले की पाहुण्याचे पाय. यांपैकी एकही नाव यंत्र काय करते ते सांगत नाही. गाजराच्या पिंपात पालक घालून त्याचा चोथा झाल्यावर शेतकऱ्याला ते कळते. ‘जुगाड’ हा हिंदीतून आलेला शब्दही मला रुचत नाही. उतार, फट आणि फेरे मोजून केलेल्या वस्तूला तो तात्पुरतेपणाचा शिक्का मारतो.

मराठीत चाळणे, गाळणे, किसणे यांपासून चाळणी, गाळणी, किसणी ही साधननामे सहज होतात. त्याच प्रत्ययाने रोळणी, विसळणी, निथळणी ही नावे का होऊ नयेत? पेरणी, कापणी यांत हाच प्रत्यय क्रियेचे नाव देतो, साधनाचे नव्हे, असा आक्षेप येईल. परंतु गाळणी व कापणी हे शब्द शेजारी असूनही मराठी भाषकाचा गोंधळ झालेला नाही. संदर्भ ते काम करतो. बुडबुड्यांच्या हौदाला ‘खळबळणी’ म्हणणे मात्र मला जड वाटते. तेथे ‘खळबळ-हौद’ बरा. १९६० साली स्थापन झालेल्या भाषा संचालनालयाने अनेक शास्त्रांचे परिभाषा कोश सिद्ध केले, त्यांचे ऋण मोठे आहे. तथापि कोशाच्या मेजावर संस्कृत धातू जितके हाताशी असतात तितक्या रोळी आणि फडके या वस्तू नसतात. पदव्युत्तर वर्गातील ज्या विद्यार्थ्यांना क्षेत्रकार्यासाठी विषय हवा आहे, त्यांनी आले किंवा गाजर धुण्याच्या एखाद्या ठिकाणी दोन दिवस बसावे, कोणत्या हालचालीला तेथील बायका कोणते क्रियापद लावतात ते टिपावे, आणि ‘हिंदकळणे’ व ‘खळबळणे’ यांत त्या भेद करतात की नाही, हे प्रथम विचारावे.